रूपाचे गद्य

मराठीत एक असे गद्य आहे की जे दररोज छापले जाते, लक्षावधी लोक वाचतात, त्यातले अनेक जण त्यावर विसंबून पैसा खर्च करतात, अंगावर सुई-सुरी चालवून घेतात. आणि तरीही त्याकडे एकाही समीक्षकाने वाङ्मय म्हणून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. चेहरा सुधारण्याच्या बातम्या आणि सल्ले, असे त्याचे वर्णन करता येईल. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते असते, दवाखान्याच्या चौपानी पत्रकात असते, आता तर हातातल्या फोनवरही असते. लोणार तालुक्यातील आमच्या बीबीसारख्या गावातही ते पोचते. ललित वाङ्मयाचे एखादे नवे पुस्तक इथे यायला वर्ष लागते. कपाळाच्या आठ्या घालवणाऱ्या इंजेक्शनाची बातमी त्याच दिवशी येते. तेव्हा ज्या गद्याचा वाचक इतका मोठा आणि इतका भाबडा, त्याची परीक्षा कथा-कवितेच्या परीक्षेइतक्याच कठोरपणे का होऊ नये?

परीक्षा करायची तर आधी माप हवे. ते मला एका जुन्या पत्रात सापडले. हे पत्र मराठीत नाही, पण त्याचा विषय मराठी आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात 'बी. एल.' अशा दोन अक्षरी सहीने ते छापले गेले. हकीकत अशी : इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, त्याचे चित्र काढण्यात आले. ते काढणारा जेम्स वेल्स म्हणजे पेशव्यांच्या दरबाराचीही चित्रे काढणारा तोच चित्रकार. त्या चित्रावरून केलेले छापचित्र पत्रासोबत होते.

पत्र लहान आहे. पण बातमी कशी लिहावी याचा तो धडाच आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी उरलेल्या नाकावर बसवून हवा तसा आकार करून घ्यायचा. ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्याभोवती रेघ मारायची. रेघेच्या आतले कातडे सोडवायचे. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण तिच्यातून रक्त वाहते राहिले तरच नवे नाक जगेल. जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करायच्या, कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणायचे आणि त्या कडांत बसवायचे. वरून कापडाच्या पाच-सहा पट्ट्या, पाण्यात भिजवलेल्या काताने माखलेल्या. होय, विड्यात घालतो तोच कात! चार दिवस दुसरे काही नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची आणि जरा आणखी कोरून नाकाला आकार आणायचा. कपाळावर व्रण राहतो, तो काळाने फारसा जाणवत नाही, हेही पत्रलेखक सांगतो.

या गद्यात 'अद्भुत' किंवा 'चमत्कार' असल्या शब्दांवाचून काम भागलेले आहे. प्रत्येक क्रियेला हात आहे, प्रत्येक दिवसाला आकडा आहे, प्रत्येक वस्तू घरातली आहे. पट्टी जोडलेली का ठेवायची याचे कारण त्या पट्टीच्या वर्णनातच आले आहे. शिवाय व्रणाचा उल्लेख आहे. नवे नाक मिळते, पण त्याची किंमत कपाळ देते, ही गोष्ट त्याने झाकलेली नाही. साक्षीलाही मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर उभे केले आहेत. त्यांनी असा प्रयोग डोळ्यांनी पाहिला, असे तो म्हणतो. मला तर वाटते की हे पत्र वाचून एखाद्या धीट शल्यचिकित्सकाला सुरी उचलावीशी वाटली असती. आणि तसेच झाले. जोसेफ कार्प्यू या इंग्रज डॉक्टराने प्रेतांवर सराव करून १८१४ साली लंडनमध्ये कपाळाच्या कातड्याचे नाक बसवले आणि १८१६ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तिथून ही विद्या युरोपभर गेली.

परंतु पत्रात एक उणीव आहे आणि ती साधी नाही. रोग्याचे नाव दिले आहे. ते 'कावसजी' असे छापले आहे, जे मराठा शेतकऱ्यापेक्षा पारशी गृहस्थाला शोभेल. इंग्रजाच्या कानाने मूळ नावाचे काय केले असेल देव जाणे. दोन्ही साक्षीदारांची नावे आहेत. ज्याने नाक केले त्याचे मात्र नाव नाही. त्याची फक्त जात आहे. ज्याने वर्षानुवर्षे विटांच्या आणि मडक्यांच्या मातीला आकार दिला, त्याच्याच बोटांना कातड्याला आकार द्यावासा वाटला असेल, हा तर्क मोहक आहे. पण तो तर्कच. पुण्याजवळच्या त्या माणसाचे स्वतःचे शब्द आपल्यापाशी नाहीत. त्याची कला इंग्रजीत टिकली आणि तो स्वतः कुठल्याच भाषेत टिकला नाही. मराठी गद्याच्या इतिहासात जी अनेक मोकळी पाने आहेत, त्यांतले हे एक मला सर्वांत जास्त बोचते.

सल्ला कसा लिहावा याचे मापही आपल्याकडे आहे. सुश्रुतसंहितेतील नाक जोडण्याचा विधी बहुतेकांनी अभिमानापुरता ऐकलेला असतो. तिथे मेणाऐवजी झाडाचे पान मापाला घेतले आहे आणि कातडे गालाचे. श्वासासाठी नाकात दोन नळ्या, वरून ज्येष्ठमध, रक्तचंदनासारख्या औषधांचे चूर्ण, कापूस, तिळाचे तेल. हे सगळे ठीकच. पण संहिताकाराची थोरवी मला त्यापुढच्या भागात दिसते. नाक आखूड राहिले तर ते वाढवण्याचा प्रयत्न करावा, मांस जास्त वाढले तर ते सारखे करावे, असे तो सांगतो. म्हणजे आपला उपाय चुकू शकतो हे तो विधीतच लिहून ठेवतो. ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे वाक्य जरा पुनःपुन्हा वाचावे.

आता आजच्या गद्याकडे वळतो. माझ्यासमोर एक चौपानी पत्रक आहे. ते कुठल्या शहरातल्या कुठल्या दवाखान्याचे हे सांगत नाही. त्याच्यासारखी शंभर असतील. ते माझ्याकडे आले ते मराठी शिकवणारा माणूस म्हणून. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीचे लग्न दिवाळीनंतरच्या मुहूर्तावर ठरते आहे. स्थळाकडून 'मुलगी सावळी आहे' एवढेच आडून आले होते. मुलीची आई पत्रक घेऊन आली आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे 'नगण्य' म्हंजे काय हो? आहे म्हंतात का नाही म्हंतात?"

या एका प्रश्नात सगळी समीक्षा आली! वाक्य होते, 'दुष्परिणाम नगण्य'. ज्या वाचकासाठी ते लिहिले त्याला कळू नये म्हणूनच त्यातला शब्द निवडलेला आहे. 'नाहीत' म्हटले तर कायद्याला सापडेल, 'आहेत' म्हटले तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून 'नगण्य'. संस्कृत शब्द मराठीत अर्थ उजळण्यासाठी येतात असे आम्ही वर्गात शिकवतो. इथे तो दिवा विझवण्यासाठी आला आहे.

या पत्रकात क्रियापदांना कर्ता नाही. 'सुरकुत्या घालवल्या जातात', 'ओठांना उभारी दिली जाते', 'त्वचा उजळवली जाते'. कोण घालवतो, कोण देतो? सुई ज्याच्या हातात आहे त्याने प्लास्टिक सर्जरीची वा त्वचारोगाची पदवी घेतली आहे की पंधरा दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र, हे या वाक्यरचनेमागे सहज लपते. १७९४ च्या पत्राने वीटकऱ्याचे नाव गाळले, पण त्याचा हात दाखवला. आमच्या पत्रकाने नाव मोठ्या टायपात दिले आणि हात गाळला.

दुसरी युक्ती नामकरणाची. आठ्यांवरच्या इंजेक्शनाला पत्रक 'शुद्ध प्रथिन' म्हणते. हे खोटे नाही. सर्पविषातही प्रथिनेच असतात. या औषधाचे खरे नाव बोटुलिनम टॉक्सिन, आणि टॉक्सिन म्हणजे विष. बिघडलेल्या अन्नातून माणसाला लुळे करणारे हे विष. 'बोटुलस' म्हणजे लॅटिनमध्ये मांसाची भरलेली नळी. जर्मनीत असल्या नळ्या खाऊन लोक मरत, त्यावरून हे नाव पडले. ते अत्यल्प प्रमाणात दिले की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि स्नायू सैल पडतो. तिरळ्या डोळ्यांवर आणि पापण्यांच्या आचक्यांवर त्याचा उपयोग झाला. १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता आली ती २००२ साली. योग्य हातात ते पुष्कळसे सुरक्षित आहे. विषाला औषध करणे हा माणसाच्या बुद्धीचा केवढा पराक्रम! पण तो सांगायचा तर 'विष' हा शब्द उच्चारावा लागतो, आणि तेवढे धैर्य पत्रकात नाही. त्याचा गुण साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई, हेही नाही. 'फक्त १५,००० रुपयांपासून' एवढे आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे हमीभाव पुरता हाती पडला तरी जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन एका कपाळावर, आणि तेही पुढल्या पेरणीपर्यंत न पुरणारे. 'पासून' या शब्दयोगी अव्ययाचा इतका महागडा उपयोग व्याकरणकारांनी कल्पिला नसेल.

ओठ-गाल भरण्याच्या इंजेक्शनांबद्दलचा मजकूर तर याहून पोकळ आहे. त्यात बहुधा हायलुरॉनिक आम्लाचा लगदा असतो. शरीर तो काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात जिरवते. तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरते, आणि क्वचित, पण खरोखर, डोळा जातो. तो लगदा विरघळवणारे एक औषधही आहे, आणि ते सुई देणाऱ्याच्या हाताशी असले पाहिजे. पत्रकात 'दुपारच्या सुट्टीत उरकणारा उपचार' एवढेच आहे.

मुलीच्या आईला जे हवे होते ते मात्र तिसऱ्या पानावर होते : गोरेपणाची सलाईन. इथे पत्रकाची भाषा एकदम सोवळी होते. 'गोरे' हा शब्द नाहीच. 'तेज', 'निखार', 'उजळपणा'. हे शब्दांतर एकट्या या दवाखान्याचे नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाने २०२० साली आपले नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. गोरेपणाची लाज वाटू लागली. तेव्हा शब्द गेला, आणि लाज सावळ्या मुलीकडे होती तिथेच राहिली. या सलाईनमध्ये बहुधा ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य असते. कातडी उजळण्यासाठी शिरेतून द्यायच्या एकाही औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. मी त्या बाईंना हे सांगितले आणि पत्रकाच्या कोऱ्या जागेवर तीन प्रश्न लिहून दिले : देणाऱ्याची पदवी कोणती? औषधाचे नाव आणि कंपनी बाटलीवर वाचू द्याल का? त्रास झाला तर रात्री कुणाला उठवायचे? त्यांनी फोन करून विचारले. पहिल्या प्रश्नाला 'मॅडम अनुभवी आहेत' असे उत्तर आले, दुसऱ्याला 'तुम्ही येऊन तर बघा', आणि तिसऱ्याला फोन दुसऱ्या कुणाकडे देण्यात आला तो परत आलाच नाही.

हे पत्रकांचे झाले. आता बातम्यांचे. या बाबतीत आमच्या जिल्ह्याला एक विचित्र प्रसिद्धी मिळाली. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. दोन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरे, म्हातारे, कुणी सुटले नाही. बातमीदार आले, आणि त्यांच्याबरोबर शब्दही आले. कारण ठाऊक नव्हते तरी 'व्हायरस' हा शब्द मथळ्यात बसला. एकदा तो बसला की बाकीचे काम तोच करतो. त्या गावांतले लोक बाहेर गेले की इतर दूर सरकत, लग्नाच्या बोलण्या थांबत, असे ऐकू येऊ लागले. पाण्याचे नमुने गेले, बुरशीची शंका आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची माणसे आली. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या तपासणीतून असे मांडले की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आहे, जस्त घटलेले आहे, आणि त्याचा माग रेशनच्या गव्हाकडे जातो. विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला ठाऊक असलेला हा माणूस 'बॅरिस्टरचं कार्टं'चा लेखकही आहे, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. त्यांची मांडणी आणि मथळ्यांतला तो शब्द यांत फरक केवळ शास्त्राचा नाही, गद्याचाही आहे. बावस्करांच्या वाक्यात गहू आहे, रक्त आहे, मोजमाप आहे. मथळ्यात फक्त भीती आहे, आणि ती गावाच्या नावाला चिकटवलेली आहे. अनेकांचे केस नंतर पुन्हा उगवले. ही बातमी मी शोधून वाचली. ती आतल्या पानावर होती.

नाक, केस, कातडी हे काही केवळ अवयव नव्हेत. समाज माणसाला ज्या खिडकीतून ओळखतो ती ही. आपल्या भाषेला हे पक्के माहीत आहे. नाक कापले जाते, नाक मुरडले जाते, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. त्या बैलवाल्याला नवे नाक हवे होते ते वास घेण्यासाठी नव्हे, चारचौघांत उभे राहण्यासाठी. म्हणूनच चेहरा सुधारण्याच्या प्रत्येक इच्छेकडे नाक मुरडणारे जे आमचे दुसरे एक गद्य आहे, त्याच्याशीही माझे जमत नाही. 'खरे सौंदर्य मनाचे' असे लिहिणारा लेखक सहसा पुरुष असतो, त्याचे लग्न झालेले असते आणि त्याच्या कांतीबद्दल कुणी कधी विचारलेले नसते. शिवाय दुरुस्ती कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते ही रेघ तो जितकी ठळक समजतो तितकी ती नाही. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या गालाची शस्त्रक्रिया ही दुरुस्ती. मग देवीच्या वणांची? लग्न मोडण्याइतक्या वाकड्या नाकाची? ज्याला त्या नाकाने जगायचे आहे त्यानेच हे ठरवायचे आहे. लेखकाने त्याला एवढेच द्यायचे की ठरवताना लागणारी माहिती पूर्ण असावी.

आणि तशी माहिती देणारे गद्य दूर कुठे नाही. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. असा स्वतंत्र विभाग देशात तोवर नव्हता. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेल्या मुलांची त्यांनी केलेली वर्गवारी 'नागपूर वर्गीकरण' या नावाने वैद्यकशास्त्रात रुजली. ओठाची फट एका गटात, टाळूची दुसऱ्यात, दोन्ही मिळून असलेली तिसऱ्यात. फट उजवीकडे की डावीकडे, पूर्ण की अर्धवट, यांना वेगळ्या खुणा. इतके रुक्ष लेखन क्वचितच सापडेल. पण दुभंगलेल्या ओठाचे मूल पदरात घेऊन विदर्भातल्या एखाद्या खेड्यातून आलेल्या बापाला त्यातून एक गोष्ट कळू शकते, की आपल्या मुलाला जे झाले आहे ते ग्रहणाचे किंवा पापाचे फळ नसून एका गटात बसणारी, आधी पाहिलेली, नाव असलेली गोष्ट आहे, आणि तिच्यावर काय करायचे हे समोरच्या माणसाला ठाऊक आहे. या वर्गीकरणाचे साध्या मराठीत, आकृत्यांसह, चार पानांचे पुस्तक कुणी करून बीबीच्या, लोणारच्या, मेहकरच्या दवाखान्यांच्या बाकांवर ठेवले, तर या अंकातल्या माझ्या सगळ्या पानांपेक्षा त्याचे परीक्षण मी आनंदाने लिहीन.